थँक्यूचे डबे

रिना पावराच्या क्लासात ‘थँक्यू’ सगळ्यात शेवटी शिकवलं जायचं.

म्हसावदला खताच्या दुकानावर एक पत्र्याची खोली होती, तिथं तिचा स्पोकन इंग्लिशचा क्लास. शहाद्यातले क्लासवाले पहिल्या दिवशी गुड मॉर्निंग, प्लीज, सॉरी, थँक्यू घोकून घेतात. पोरं घरी जाऊन आईबापाला थँक्यू म्हणतात आणि आईबाप फी वसूल झाली म्हणून खूश होतात. रिना पहिल्या दिवशी ‘नो’ शिकवायची. उभं राहून, छाती पुढे काढून, खालचा दुकानदार छताला काठी ठोकेपर्यंत.

“मॅडम, सुरुवातच नाही म्हणण्यापासून?” कोणीतरी विचारायचंच.

“हो म्हणायला तुम्हाला सगळ्या जगानं शिकवलंय. नाही म्हणायला शिकवणारं कोणी भेटलं नाही, म्हणून मी बसलेय इथं. चला, परत. नो!”

हा राग तिनं आश्रमशाळेतून आणला होता. तिच्या शाळेत दर हिवाळ्यात पाहुणे यायचे. गाडीतून आधी बॅनर उतरायचा, मग पाहुणे, मग ब्लँकेटं. पोरं सकाळपासून मैदानात ओळीत. पाहुणा ब्लँकेटचं एक टोक धरायचा, पोरीनं दुसरं टोक धरायचं, आणि फोटो निघेपर्यंत पाहुणा आपलं टोक सोडायचा नाही. मग पोरीनं म्हणायचं, “थँक्यू सर.” आवाज बारीक निघाला की मागून गुरुजींचा चिमटा. ब्लँकेट असं, की डोक्यावर घेतलं तर आतून चांदण्या दिसाव्यात. खरं तर पांघरूण शाळेकडूनच मिळायला हवं होतं. ते का मिळालं नाही हे विचारायची सोय नव्हती, कारण पोरीचं थँक्यू म्हणून झालेलं असायचं. एकदा थँक्यू म्हटलं की माणसाला प्रश्न विचारता येत नाही. पाहुण्यांना तो शब्द एवढा का आवडतो, ते रिनाला सातवीत कळलं. त्याच ओळीत उभ्या उभ्या तिनं ठरवलं, एक दिवस मी टोक धरणारी नसेन, देणारी असेन.

आणि झालीही. बारावीनंतर पुढं शिकायची ऐपत नव्हती, तर तिनं रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी उचलली. मागची पानं उंदरांनी खाल्लेली, पण शब्द कुठून आला, त्याचा आजा-पणजा कोण, हेही त्यात दिलेलं. त्या पुस्तकावर आणि मोबाइलवर ती इंग्रजी शिकली, आणि असं शिकली की पंचायत समितीतला साहेब तिच्याशी बोलताना मराठीत पळून जायचा. आता तिच्याकडे हायस्कूलची पोरं यायची, दुकानदारांच्या सुना यायच्या, आणि उपकेंद्रातली नर्स प्रिस्किलाही यायची.

तिची आई नानीबाई मात्र वर डोंगरात, धडगावच्या वाटेवरच्या पाड्यातच राहायची. नवरा गेलेला, लेक एकटी, शेत उताराचं. घर इतकं वाकलेलं की आत शिरताना माणसापेक्षा घरच जास्त झुकायचं. होळी झाली, तशी रिना जीप पकडून वर गेली आणि म्हणाली, “आई, घर नवं बांधायचं.”

“लाकूड जमलंय. लाह सांगते,” नानीबाई म्हणाली. तिच्या दृष्टीनं तेवढ्यात सगळं आलं.

लाह म्हणजे एकाच्या कामाला अख्ख्या पाड्यानं जाणं. आज तुझं घर, उद्या माझी निंदणी, परवा त्याचा बांध. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं, बास. कोण किती राबला हे कोणी विचारत नाही.

सगळे आले. फत्तेसिंग आला. पाड्यातला सगळ्यात जाणता सुतार तोच. नुसता हात फिरवून लाकूड कुठं फाटणार ते सांगायचा. त्याची बायको रूपलीबाई आली, बायकांची टोळी घेऊन. खांब पुरले, आढं खांद्यावर घेऊन चढवलं, बांबूच्या ताट्या विणल्या, शेणमातीनं लिंपल्या, कौलं चढली. आढं चढताना फत्तेसिंग असा ओरडत होता की पलीकडच्या डोंगरावरचं गुरं राखणारं माणूस उभं राहिलं. नानीबाईनं बोकड कापला, घुगऱ्यांचं मोठं पातेलं चढवलं, मोहाची काढली. नानीबाई हसत होती. नवरा गेल्यापासून रिनानं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

रिनाला भरून आलं. आणि तिथंच ती चुकली.

दुसऱ्या दिवशी ती म्हसावदला उतरली ती थेट रतिलालच्या भांड्यांच्या दुकानात. घरटी एक याप्रमाणे झाकणाचे स्टीलचे डबे मागितले. चांगले, जाड पत्र्याचे. दुसऱ्यांची हलकी ब्लँकेटं ती विसरली नव्हती.

“इतला डबा? कोनं लगीन शे, ताई?” रतिलालनं विचारलं.

“लग्न नाही. आभार मानायचेत, पाड्याचे.”

“मग नाव टाकनं पडी. नाव नही टाकं ते कोन याद ठेवी?” असं म्हणत त्यानं नाव कोरायचं मशीन प्लगला लावलंसुद्धा. टर्रर्र करत एकेका डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली: ‘आभार. नानीबाई व रिना पावरा.’

पुढच्या रविवारी तिनं पाडा बोलावला. नव्या घरासमोर सगळ्यांना उभं केलं. तिनं भाषण केलं, पावरीत केलं, आणि चांगलं केलं. “तुम्ही नसता तर हे घर झालं नसतं. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही,” वगैरे. मग एकेकाला नाव घेऊन पुढं बोलावलं, हातात डबा दिला, आणि तिची एक विद्यार्थिनी मोबाइलवर फोटो काढत होती म्हणून प्रत्येक वेळी क्षणभर थांबली. फत्तेसिंगला दोन डबे दिले. तो सुतार म्हणून.

टाळ्या वाजल्या नाहीत. रिनाला वाटलं, डोंगरातली माणसं, त्यांना सवय नाही. नानीबाई दारात बसून होती.  रिनानं संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकले, खाली लिहिलं, ‘ग्रॅटिट्यूड’. खाली खूप अंगठे आले.

पावसाळा लागला. मका वर आला, ज्वारी वर आली, आणि त्यांच्या दुप्पट वेगानं गवत. निंदणीच्या लाह सुरू झाल्या. आज या शेतात, उद्या त्या शेतात, बायका आपापल्या वाट्याची पात धरून ओळीनं सरकताना लांबूनही दिसायच्या. रिना एका शनिवारी वर आली, तर नानीबाई आपल्या शेतात एकटी. कमरेत वाकलेली, हातात खुरपं, आणि पुढं सगळं हिरवंगार गवत. मका कुठला आणि गवत कुठलं हे वाकून बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

“बाकीचे कुठंयत?”

“उदेसिंगच्या शेतात.”

“तू का नाही गेलीस?”

“सांगितलं नाही मला.” नानीबाईनं वर न बघता गवताचा झुपका उपटला. “त्याच्या आधी फुलवंताचं झालं. तेव्हाही नाही सांगितलं. मी आपणहून गेले, तर फुलवंता म्हणाली, नानी, तू कशाला त्रास घेतेस, आमचं काही राहिलं नाही तुझ्याकडं. मला पाणी दिलं प्यायला. पाहुण्याला देतात तसं. आणि बसवलं.”

“बसवलं म्हणजे?”

“झाडाखाली बसवलं, रिना! निंदणीच्या दिवसात मला झाडाखाली बसवलं! म्हातारी झाले का मी? मेले का?”

रिनानं मजूर लावू म्हटलं. नानीबाईनं खुरपं खाली टाकलं. “लाव. खुशाल लाव. माझ्याच पाड्यात मजूर लाव. मग मेल्यावर तिरडी उचलायलाही मजूरच लाव.”

रिना घराकडं आली, तर पडवीत डबा ठेवलेला. झाकण उघडलं. काठोकाठ तूरडाळ, नीट सपाट केलेली. त्याच्या बाजूला आणखी एक, त्यात उडीद. आत भिंतीला लागून आणखी कितीतरी. सगळ्यांवर ठिपक्यांची तीच अक्षरं. ‘आभार. नानीबाई व रिना पावरा.’

“हे कधीपासून?”

“येताहेत, एकेक,” नानीबाई म्हणाली. “कोणी पहाटे ठेवून जातं, कोणी पोरांच्या हाती पाठवतं. भरून पाठवतात. रिकामा कोण देईल? आपले लोक आहेत.”

रिना संतापली. आधी पाड्यावर संतापली. मी माझ्या पोटाला चिमटा घेऊन डबे आणले आणि ही यांची रीत! ती तशीच उठून फत्तेसिंगच्या घरी गेली. तो अंगणात वासा तासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. रूपलीबाई चुलीपासून उठून दारात आली.

“काकी, डबे परत का केले?”

“मग काय करू? आमच्याकडं डबे आहेत.”

“भेट दिली होती मी.”

“भेट?” रूपलीबाईनं पदराला हात पुसले. “भेट लग्नात देतात. काम केल्यावर देतात तिला मजुरी म्हणतात. मजुरी आम्हाला माहितीय, रिना. दिवाळी झाली की सगळा पाडा ऊस तोडायला गुजरातेत उतरतो. तिथला मुकादम पण असाच नाव घेऊन पुढं बोलावतो. तिथं आम्ही मजूर. तिथं ठीक आहे. तुझ्या आईच्या घरी आम्ही मजूर म्हणून आलो होतो का?”

“मी तसं म्हटलंच नाही! उलट मी तर थँक्यू...”

“तूच म्हणालीस, उपकार केले. कोणी केले उपकार? ह्यांच्या बापाचं घर वाऱ्यानं पडलं तेव्हा तुझा बाप नव्हता का आला? त्याला कोणी डबा दिला? नानीकडं आमचं राहिलं होतं, आमच्याकडं नानीचं राहिलं होतं, असं चाललं होतं सगळं. तू येऊन मिटवून टाकलंस. मिटलं ना? मग आता नानीला कशाला बोलवायचं? कुठल्या तोंडानं बोलवायचं?”

वासा तासणारा हात थांबला. फत्तेसिंग पहिल्यांदा बोलला, आणि तेही रिनाकडं न बघता. “मला दोन दिले. दोन कशाचे?”

“तुम्ही सुतार म्हणून, काका.”

“हां. म्हणजे बाकीचे एका डब्याचे, मी दोन डब्यांचा.” तो पुन्हा तासायला लागला. “आढं एकट्यानं चढवलं होतं का मी?”

रिना निघाली. अंगणाच्या कडेला पोचली तेव्हा मागून रूपलीबाई म्हणाली, “आणि एक. ओळीत उभं केलंस आम्हाला. फोटो निघेपर्यंत डबा सोडत नव्हतीस.”

माणसाला थोबाडीत बसते ती गालावर. ही पोटात बसली. रिना जीपमध्ये मागच्या बाकावर बसून घाट उतरली, आणि पूर्ण घाटभर तिला त्या मैदानातली ओळ दिसत होती. फक्त या वेळी बॅनरखाली ती स्वतः उभी होती, आणि समोर टोक धरून रूपलीकाकी.

सोमवारी क्लासात तिनं कोणाला ‘नो’ म्हणायला लावलं नाही. मुलं चरकली. प्रिस्किला दवाखान्याच्या गणवेशातच आली होती. तिला सुरतेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखत द्यायची होती, घाई होती.

“मॅडम, आज ते शेवटचं घ्या ना. थँक्यू. मुलाखतीत लागेल मला. तुम्ही सगळं शिकवता आणि तेवढंच ठेवून देता.”

“घेऊ,” रिना म्हणाली. रागानंच म्हणाली. “चला. थँक. हे क्रियापद आहे. पण लोक त्याचं काय काय करतात बघा. काही नको असलं की ‘नो थँक्यू’. बँकेचा फोन काम करत नाही, तरी ‘थँक्यू फॉर कॉलिंग’. पोरगं नापास झालं तर साहेब म्हणतो, ‘यू हॅव ओन्ली युअरसेल्फ टू थँक’, म्हणजे तुझ्या कर्मानं मेलास. आणि सगळ्यात वरचं, ‘आय विल थँक यू टू कीप क्वाएट’. म्हणजे गप बस. आभाराच्या नावाखाली दम. हे असं गुळगुळीत हत्यार आहे. मान खाली घालायला लावायची असेल तर वापरायचं.”

प्रिस्किला ऐकत होती, पण तिला पटत नव्हतं. ती नवापूरच्या डोंगरातली, घर ख्रिस्ती, कोणाला घाबरून गप बसणाऱ्यातली नव्हे.

“असं कसं, मॅडम? आमच्या घरी जेवायच्या आधी रोज देवाचे आभार मानतात. माझी आजी तर खुरपं हातात घेतानाही मानायची. तिनं काय देवाला डाव टाकून गप केलं होतं?”

मुलं हसली. रिना हसली नाही.

“देवाचा हिशोब मिटतो का मग, आभार मानले की?”

“मिटवायला कोण मानतं? उद्या परत मानायचेच असतात. मिटला तर चर्चला कोण जाईल?”

“पण खरं सांगू का, मॅडम,” मागून दुकानदाराची सून सुषमा म्हणाली, “मला थँक आणि थिंक यांच्यात नेहमी गोंधळ होतो. इतके सारखे का ठेवले त्यांनी?”

रिना ‘योगायोग’ म्हणणार होती. पण तिला न बघता उत्तर द्यायची सवय नव्हती. तिनं जाडी डिक्शनरी ओढली. ‘टी’ची पानं उंदरांच्या तावडीतून थोडक्यात वाचली होती. बारीक अक्षरं तिनं बोटानं वाचली. एकदा वाचली, परत वाचली. मग मोबाइल काढून दुसरीकडं बघितलं. तेच.

“बरोबर आहे तुझं,” ती हळू म्हणाली. “गोंधळ नाही. दोघी एकाच घरातल्या आहेत. जुन्या इंग्रजीत ‘थांक’ म्हणजे विचार. मनात आलेली गोष्ट. पुढं त्याचा अर्थ झाला, एखाद्याविषयी मनात असलेला चांगला विचार. आणि मग तो बोलून दाखवणं. जर्मन भाषेतही ही जोडी अशीच आहे म्हणे, डेंकन आणि डांकन. म्हणजे मुळात थँक म्हणजे कोणाला तरी मनात धरणं.”

“म्हणजे आठवण ठेवणं,” प्रिस्किला म्हणाली. “बघा. आजी बरोबर होती.”

“मग देणं-घेणं त्यात कुठं आलं?” सुषमानं विचारलं.

“मुळात कुठंच नाही,” रिना म्हणाली. “ते आपण घातलं. आणि ऐका, पूर्वी पूर्ण म्हणायचे, ‘आय थँक यू’. बोलता बोलता त्यातला ‘आय’ गळून पडला. इंग्रजांनासुद्धा ‘मी’ सोडता आला तिथं.”

 डब्यांवरची अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं होती. घर पाड्यानं बांधलं, आणि नाव कोणाचं कोरलं? आपलं. ज्यांना विसरणार नाही म्हणाली, त्या एकाचंही नाव त्या डब्यावर नव्हतं. रतिलालचं काही चुकलं नव्हतं. याद राहावी म्हणून त्यानं नाव टाकलं; कोणाचं टाकायचं हे तिनं सांगितलं होतं.

रडत बसणाऱ्यातली ती नव्हती. माफी मागायला जाऊ का, असं एकदा मनात आलं, आणि तिनंच ते हाणून पाडलं. माफी म्हणजे परत भाषण. परत सगळ्यांना समोर उभं करायचं आणि आपण बोलायचं. नको. तिनं नानीबाईला फोन लावला. डोंगरात नेटवर्क येतं तेव्हा येतं, आलं.

“आई, पुढची लाह कोणाकडं?”

“फत्तेसिंगकडं, बुधवारी. आपल्याला सांगितलेलं नाही.”

“माझं खुरपं कुठंय?”

“तुझं खुरपं? तू शाळेत गेलीस तेव्हाच ते मी शेळ्यांच्या खुंट्याला वापरलं. माझं घे.”

बुधवारी क्लासला सुट्टी देऊन रिना सकाळीच फत्तेसिंगच्या शेताच्या बांधावर उभी. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला टॉवेल. बायकांनी तिला बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. तिनं कोणाला विचारलं नाही. रांगेच्या टोकाला मोकळी पात होती, ती धरली आणि वाकली.

थोड्याच वेळात तिची पात सगळ्यांच्या मागं पडली. खुरपं जमिनीत शिरेना, शिरलं तर मक्याचं रोप घेऊन वर येई.

“मॅडम,” रूपलीबाई पुढून ओरडली, “तो मका आहे. इंग्रजीत काय म्हणतात ते नंतर सांग, पण उपटू नको!”

सगळ्या जणी हसल्या. “काकी, मका माझ्याकडं आधी आला, मी काय करू?” रिनानं खालूनच उत्तर दिलं.

“आम्ही डबा देणार नाही हं तुला.”

“मागितला कोणी?”

“बघा, कशी बोलते!” फुलवंताबाई म्हणाली, पण बोलताना तिनं आपल्या पातीवरून हात लांबवून रिनाच्या पातीतला गवताचा एक झुपका उपटला, आणि पुढं सरकली. नंतर आणखी एक.  रिनाच्या ओठावर शब्द आला होता. तिनं तो गिळला आणि खुरपं चालवलं.

दुपारी झाडाखाली घुगऱ्या आल्या. फत्तेसिंग स्वतः वाढत होता. रिनाच्या पानात वाढताना थांबला. क्षणभरच. मग भरपूर वाढलं आणि पुढं गेला. तिच्या तळहातावर फोड आले होते, ते तिनं कोणाला दाखवले नाहीत. रूपलीबाईनं बघितले. “मूत लाव त्यावर,” ती म्हणाली, “बरं वाटेल.” ही थट्टा होती की औषध, ते रिनानं विचारलं नाही.

दिवस कलला, शेत साफ झालं. सगळे हातपाय धुवायला ओहोळाकडं निघणार, तोच रिना उभी राहिली.

“आली, आली भाषणाला,” उदेसिंग पुटपुटला.

तिला खरंच बोलायचं होतं. थँकचा आजा-पणजा, डेंकन-डांकन, सगळं जिभेवर तयार होतं. तिनं पाड्याकडं बघितलं. चिखलानं माखलेले पाय, कमरेला खोचलेली खुरपी. यांना तो शब्द सांगायची गरज नव्हती. त्याचा अर्थ हे लोक घरोघर जगत होते, शब्दाशिवाय. आपल्याला मात्र तो उंदरांनी खाल्लेल्या पुस्तकात सापडला. त्याचीही तिला लाज वाटली नाही. जिथं सापडला तिथून घेतला.

“माझ्या आईचं शेत गवतात बुडालंय,” ती म्हणाली. “तिच्या एकटीच्यानं होत नाही. माझ्यानं काय होतं ते तुम्ही आज बघितलंत. शनिवारी लाह आहे. या.”

ती थांबली. एवढंच होतं.

मागणं सोपं नसतं. ब्लँकेट देणारा पाहुणा आयुष्यात एकदाही असं उभं राहून म्हणत नाही, की माझ्यानं होत नाही, तुम्ही या. म्हणून तर तो पाहुणाच राहतो.

कोणी हो म्हटलं नाही. फत्तेसिंगनं खुरप्याची माती बोटानं काढली. “डबे आहेत का अजून?” त्यानं विचारलं.

काही बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. रिनाची मान ताठच होती.

“आहेत, काका. सगळे आहेत. त्यातच घुगऱ्या वाढणार. खा, धुवा आणि तिथंच ठेवा. यापुढं ज्याच्या घरी लाह, त्याच्या घरी डबे. नाव खरवडलं तरी निघत नाही, मी विटेनं घासून बघितलं. राहू दे. आमची चूक झाली होती हे पाड्याला आठवेल.”

 जाताना फत्तेसिंगनं तिच्या हातातलं खुरपं घेतलं, अंगठा धारेवरून फिरवला आणि “हे खुरपं आहे का चमचा?” असं म्हणून परत दिलं.

शनिवारी नानीबाईनं पातेलं सगळ्यात मोठं चढवलं. रिना म्हणाली, “आई, कमी कर. येतील की नाही माहीत नाही.” नानीबाईनं आणखी एक सूप चवळी ओतली.

ऊन डोंगरावर आलं आणि वरच्या वाटेनं पहिल्यांदा फुलवंताबाई दिसली. मग तिच्या मागं दोघी. मग ओहोळाच्या बाजूनं उदेसिंग आणि त्याच्या घरचे. सगळे आले नाहीत. पाड्याच्या खालच्या वाडीतलं कोणीच आलं नाही. त्यांचा राग जायला अजून एखादी लाह जाईल, कदाचित दोन. रूपलीबाई आली ती सरळ शेतात उतरली, नानीबाईच्या शेजारची पात धरली, आणि तिला कोपरानं ढोसून म्हणाली, “सरक, म्हातारे. झाडाखाली बसवलं होतं ना तुला? आज बसलीस तर बघ.”

नानीबाई जोरात हसली. नव्या घराच्या आढ्याखाली हसली होती, तशीच.

गवत हटलं. सगळं नाही, पण मका मोकळा झाला, त्याला वारा लागला. डबे धुवून पडवीत पालथे घातले गेले. त्यांवरची अक्षरं उन्हात चमकत होती, आणि ती कोणी वाचत नव्हतं.

निघताना रूपलीबाई अंगणात थांबली. पाय चिखलात, डोक्यावर टोपलीत दोन डबे, कारण पुढची पाळी तिच्या दिराकडे होती.

“मंगळवारी ह्यांच्या भावाकडं,” ती रिनाला म्हणाली, असंच, जाता जाता. “आणि खुरप्याला धार लावून आण.”

रिनाच्या जिभेवर तोच शब्द आला, सवयीचा, गुळगुळीत. तो तिनं तिथंच, मनात राहू दिला. मुळात तो तिथलाच होता.

“येते,” ती म्हणाली.